गाडीला गोडेतेल

गेल्या वर्षी भाद्रपदात, एका मंगळवारी सकाळी, शैलाच्या छातीत दुखू लागलं. शेजाऱ्यांनी त्यांची गाडी काढून आणेपर्यंत वीस मिनिटं गेली. दवाखाना येण्याआधी ती गेली. आमची गाडी अंगणात उभी होती. तिच्यात पेट्रोल होतं, ऑइल होतं, चाकांत हवा होती. आमच्या घरात गाडी चालवायची ती शैला. मला गाडी चालवता येत नाही.

आता पुन्हा आश्विन आहे. पाऊस मागे फिरला की शिरूरच्या आकाशाला एक धुतल्यासारखी उंची येते. सकाळी घोड नदीवर विरळ धुकं असतं. उन्हाची पहिली तिरीप पडली की ते उठून जातं, आणि अकरा वाजेपर्यंत अंगणातली फरशी पायाला चटका देऊ लागते. बाजरी काढून झालेल्या रानांतून वाळत्या सरमाडाचा वास येतो. झेंडूचे टेम्पो पुण्याच्या दिशेनं जायला लागतात. टेम्पो पुढे निघून गेला तरी त्याचा वास रस्त्यावर रेंगाळतो, कडवट, हिरवा, थोडासा औषधासारखा. या दिवसांत मला काळाचं भान नीट राहत नाही. पुस्तक उघडून बसतो आणि तासाभरानं बघतो तर पान तेच असतं. चौदा वर्षांपूर्वीचा आश्विन या आश्विनाच्या आतून दिसत राहतो, पातळ कागदावर मागच्या बाजूची अक्षरं उमटलेली दिसावीत तसा.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढली. पुस्तकाची शिवण सैल झाली की हातात घेताच मला कळायचं. कसर लागली की वासावरून कळायचं. यंत्रांशी माझा संबंध सायकल आणि पंखा एवढाच होता, आणि पंखासुद्धा शैलाच दुरुस्त करायची. ती केंदूरची. माहेरी फुलांची शेती. भावाबरोबर झेंडूच्या क्रेटी टेम्पोत भरता भरता ती टेम्पो चालवायला कधी शिकली, हे तिलाही सांगता यायचं नाही. लग्नानंतर तिला केडगावच्या शाळेत नोकरी लागली आणि तिची रोजची वाट ठरून गेली. शिरूरहून न्हावऱ्याला, तिथून पारगावचा पूल ओलांडून चौफुल्याला, तिथून केडगावला. कधी एसटी, कधी जीप, कधी कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहून. जीपमध्ये ती नेहमी ड्रायव्हरशेजारची जागा धरायची. मला वाटायचं हवा लागते म्हणून. फार पुढे एकदा बोलली, "मी त्याचे पाय बघत बसायचे. चुकीच्या वेळी क्लच दाबला की माझाच पाय हलायचा."

चौदा वर्षांपूर्वी आश्विन लागता लागता आम्ही गाडी घेतली. पांढरी, छोटी, तीन वर्षं वापरलेली. शैला तिच्याकडे ज्या नजरेनं बघत होती, तशी नजर फक्त मी नव्या पुस्तकांचा गठ्ठा सोडत असताना माझ्या सहकाऱ्यांनी माझ्यात पाहिली असेल.

माझं मूळ गाव दौंडकडचं, भीमेच्या काठावरचं. घरी बैलांच्या दोन जोड्या होत्या. आमच्या भागात पोळा श्रावणात नसतो, भाद्रपदाच्या अमावास्येला असतो, नवरात्र बसायच्या आदल्या दिवशी. माझे वडील, आबा, त्या दिवशी पहाटे बैल नदीवर नेत. मी काठावर पुस्तक घेऊन बसायचो. आबा एकेक पाय उचलून खुरांतला चिखल काडीनं काढत, कातडी घासत, कानांच्या आत बोट फिरवत. मग घरी आणून शिंगांना आणि खुरांना तेल चोळत. खूर कोरडा पडला की भेगा पडतात म्हणत. "जनावर बोलत न्हाई," ते मला सांगत, "म्हून आपुन बघायचं. रोज बघायचं. बघितलं की कळतं." मी मान डोलवायचो आणि पुन्हा पुस्तकात बघायचो. त्या वेळी माझ्यात काही रुजतंय असं मला वाटलं नव्हतं. पण माणूस ज्याकडे पाठ करून बसतो तेही त्याच्या पाठीतून आत येत असावं.

गाडी घेतल्यावर पहिली खंडेनवमी आली. शैलाला शाळेत जायचं होतं, त्या दिवशी ती बसनं गेली. खंडेनवमीला हत्यारांना विश्रांती, तशी गाडीलाही. मी घरी होतो. मला वाटलं, गाडी ती चालवते, निदान धुवावी तरी आपण. बादली घेतली, नारळाची शेंडी घेतली, आणि धुता धुता माझ्या हातांत आबांचे हात आले. वरवर पाणी मारून माझं समाधान होईना. चिखल तर पायांत असतो. मी जॅक लावला, नट सोडवले, पुढचं एक चाक काढलं आणि आतली पाऊसभराची माती खरवडून काढली. मग दुसरं चाक. चाकामागे लोखंडाची एक चकती होती, ताटलीएवढी, स्वच्छ, चकचकीत. तीही घासून धुतली आणि ऊन खायला तशीच ठेवून चहा घ्यायला आत गेलो. परत येऊन बघतो तर चकतीवर तांबूस गंज धरलेला. अर्ध्या तासात.

मी घाबरलो. गाडी नवी, म्हणजे आमच्यासाठी नवी, आणि माझ्या हातून तिला गंज लागलेला. मी स्वयंपाकघरात गेलो, वाटीत गोडेतेल घेतलं, शैलाच्या जुन्या पातळाचा तुकडा बुडवला आणि दोन्ही चकत्यांना दोन्ही अंगांनी तेल चोळलं. गंज गेला. लोखंड शिंगासारखं तुळतुळीत दिसू लागलं. राहिलेलं तेल दारांच्या रबरांना आणि टायरांना लावलं. संध्याकाळी शैला आली, तिनं गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "अगदी बैलासारखी चकाकतेय की." मला तो माझ्या आयुष्यातला एक मोठा सन्मान वाटला.

दुसऱ्या दिवशी दसरा. केंदूरला तिच्या माहेरी सोनं द्यायला जायचं ठरलं होतं. शैलानं नवं पातळ नेसलं होतं. मी शेजारी, मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी. आमची गल्ली मोठ्या रस्त्याकडे उताराची आहे. कोपऱ्यावर एक बाई ताडपत्रीवर झेंडूचा ढीग घालून बसली होती, माणसाच्या कमरेएवढा. गाडी उताराला लागली आणि सावकाश, अगदी सावकाश, त्या ढिगाकडे निघाली. मला आठवतं ते सगळं पाण्याखाली घडल्यासारखं आठवतं. शैलाच्या पायाची हालचाल, तिनं खाली आणलेला गिअर, ओढलेला हँडब्रेक, मागच्या चाकांनी धरलेली थोडी ओढ, आणि मग समोरच्या काचेवर उठलेली पिवळी-केशरी लाट. आवाज काहीच झाला नाही. फुलांनी आम्हाला थांबवलं.

फुलवाली बाजूला सरकून उभी होती. तिनं कमरेवर हात ठेवले.

"बाई, फुलं घ्यायची व्हती तर उतरून मागायची," ती म्हणाली. "गाडी घालून कोण फुलं घेतं व्हय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "दसरा हाय, मावशे. गाडीनंच सोनं लुटलं."

लोक हसले. शैला हसली नाही. तिचे हात स्टिअरिंगवरून निघत नव्हते. ढिगाच्या पलीकडे, हातभर अंतरावर, त्या बाईचा डबा होता, पाण्याची बाटली होती, आणि ती स्वतः नुकतीच तिथून उठलेली होती.

चेपलेली फुलं आम्हीच घेतली. मागच्या सीटवर, पायांपाशी, डिकीत, सगळीकडे झेंडू. दोन पोरांनी आणि मी मिळून गाडी ढकलत रशीदभाईंच्या गॅरेजवर नेली. रशीदभाईंचं घराणं शिरूरला कितीतरी पिढ्यांचं. तेव्हा ते चाळिशीचे असतील. गॅरेजला दसऱ्याची माळ होती, पाने आणि पक्कडी पाटावर मांडून ठेवल्या होत्या. "वस्तादाची रीत हाय," ते म्हणाले, "आज पाना उचलत न्हाई. पर बघतो." ते चाकापाशी उकिडवे बसले, नाक पुढे नेलं, आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"सर, हितं भजी तळली का काय?"

मी सांगितलं.

"गोडेतेल," ते म्हणाले. "किती?"

"एक वाटी. दोन्ही चाकांना मिळून."

"फोडणी न्हाई ना दिली?"

मग त्यांनी शैलाचा चेहरा बघितला आणि थट्टा थांबवली. मला जवळ बसवून त्यांनी चाकाच्या फटीतून ती चकती दाखवली. ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन गाद्या तिला चिमटीत धरतात, त्या धरण्यानं चाक थांबतं. "समदी गाडी तेल मागती, सर. इंजिन मागतं, दार मागतं, बिजागरी मागती. ही येकच जागा हाय जिला कोरडं ऱ्हायचं आस्तं. आन् तो गंज म्हंजी काय न्हाई. चार हात गाडी चालली आन् ब्रेक लावला की आपसूक जातो."

आम्ही चालत घरी आलो. दिवेलागणीला शैला माझ्यासमोर येऊन बसली.

"मी मनात म्हणत होते, ब्रेक लागत नाही, लागत नाही. आणि तुम्ही शेजारी बसून हसत होतात."

"मला वाटलं तू मुद्दाम फुलांकडे घेतेयस."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. ती हसतेय की रडतेय हे मला कळेना, आणि बहुधा तिलाही कळत नव्हतं. थोड्या वेळानं ती उठली, गाडीच्या कप्प्यात सापडलेलं मॅन्युअल तिनं आणून माझ्या हातात दिलं. "वाचा," ती म्हणाली. "तुम्हाला वाचल्याशिवाय काही येत नाही. वाचून करा. पण करा. मला आवडलं होतं, चाकं काढून धुतलीत ते."

त्या शेवटच्या वाक्यावर माझी पुढची चौदा वर्षं उभी आहेत, असं आता वाटतं. ती रागावली असती तर मी हात धुऊन बाजूला झालो असतो, आणि मला ते सोपं गेलं असतं.

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचे ते वीस दिवस माझ्या आठवणीत एकसंध नाहीत. सकाळच्या कोवळ्या उन्हात उघडलेलं बॉनेट. ग्रंथालयात दुपारी, वाचक नसताना, नोंदवहीखाली ठेवलेलं मॅन्युअल. ते इंग्रजीत होतं. मी एका वहीत एकेक भाग मराठीत उतरवत गेलो, आणि शब्द सापडला नाही की संध्याकाळी रशीदभाईंना विचारायचो. ऑइलची पट्टी बाहेर काढायची, पुसायची, पुन्हा घालायची, पुन्हा काढायची, दोन खुणांच्या मध्ये बघायचं. नवं ऑइल मधासारखं असतं, जुनं होत गेलं की काकवीसारखं होतं. पाणी इंजिन थंड असतानाच बघायचं. हवा सकाळी भरायची, रस्ता तापायच्या आधी. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी धरते, ती कोमट पाण्यानं धुवायची. मला हे सगळं ओळखीचं वाटत होतं. ग्रंथालयात ओल, वाळवी आणि धूळ यांच्याविरुद्ध मी हेच करत आलो होतो. फरक इतकाच की पुस्तकं जागच्या जागी राहायची. ही संध्याकाळी परत यायची, आणि प्रत्येक दिवशी थोडी बदललेली असायची.

गाडीत झेंडू तर महिनोन् महिने निघत राहिला. सीटच्या फटीतून, दाराच्या कप्प्यातून, आधी ओल्या, मग वाळलेल्या, मग नुसत्या रंग गेलेल्या काड्या. ब्रेकच्या गाद्या नव्या घातल्या तरी आठवडाभर शैला घाट उतरत असल्यासारखी ब्रेक दाबून बघायची आणि नाकानं हवा ओढून म्हणायची, "शेंगदाणे."

आमचं लग्न होऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती. भांडण नव्हतं. बोलणंही फार नव्हतं. मी वाचायचो, ती वह्या तपासायची, आमची मुलगी मुग्धा दोघांच्या मध्ये मोठी होत गेली. त्या आश्विनात आमच्यात बोलायला गाडी आली. शैला दप्तर खाली ठेवायच्या आधी सांगायला लागायची.

"आज पारगावच्या पुलापासून डावीकडून टकटक येतेय."

"वेग वाढला की वाढते?"

"वाढते."

"वळताना?"

"वळताना बघितलं नाही."

"चाकात खडा असेल."

मी बाहेर जाऊन डाव्या चाकापाशी बसलो, टायरच्या खाचेत अडकलेला खडा उचकटून काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. तिनं तो उलटसुलट करून बघितला. "डॉक्टर झालात," ती म्हणाली. तसा आनंद मला पदवी मिळाल्यावर झाला नव्हता. त्यानंतर मला रस्त्यावरून जाणाऱ्या सगळ्याच गाड्या ऐकू यायला लागल्या. कुणाचा पट्टा ओरडतोय, कुणाचा सायलेन्सर फुटलाय, कोण चढावर चुकीच्या गिअरमध्ये रडतंय. आमची गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली की मला पुस्तकातून मान वर न करता कळायचं. ती आली एवढंच नव्हे, ती कशी आली तेही. दमून, की खुशीत, की कुणावर तरी चिडून. दुसऱ्याच्या पायाखालच्या यंत्रावरून त्या माणसाचं मन ऐकता येतं, हे कुठल्याही पुस्तकात मी वाचलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत तिनं मला नदीकडच्या मोकळ्या माळावर नेलं. "शिकून घ्या," म्हणाली. मला क्लच कसा काम करतो हे आकृतीसकट माहीत होतं. पाय उचलताना मी मनात ती सगळी आकृती बघायचो आणि गाडी धक्का खाऊन बंद पडायची. "अहो, वाक्य पूर्ण करत बसू नका," शैला म्हणायची, "पाय उचला." दोन दिवस असं झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समोरून एक शेळी आली, ती बरीच लांब होती, पण मला झेंडूचा ढीग दिसला आणि त्यामागे बसलेली ती बाई दिसली. मी हात-पाय सोडून दिले. शैलानं हँडब्रेक ओढला. शेळी निघून गेली.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही बघा, मी चालवते."

मला सुटल्यासारखं वाटलं. घरी येताना मी खिडकीतून बाहेर बघत होतो, उसाच्या तुऱ्यांवर उतरतं ऊन होतं, आणि मी अगदी सुखात होतो. गेलं वर्षभर मी त्या सुखाकडे परत परत जातो. तिसऱ्या दिवशीही माळावर गेलो असतो तर. चौथ्या दिवशी. वीस मिनिटं म्हणजे गाडीनं दवाखाना आणि दवाखान्याच्या पुढेही बराच रस्ता.

ती गेल्यावर मी दर रविवारी गाडी चालू करत होतो. आच्छादन काढायचो, तिच्या सीटवर बसायचो, किल्ली फिरवायचो. दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून बंद करायचो. बॅटरी उतरू नये म्हणून, असं स्वतःला सांगायचो. डोळे मिटले की त्या आवाजात कुणीतरी निघायच्या तयारीत असायचं. मग मी आच्छादन घालायचो.

मुग्धा पुण्याहून फोन करायची. "बाबा, विकून टाका ना. तुम्ही तिच्याकडे बघत बसता दिवसभर."

"बघू."

"तुमचं बघू म्हणजे नाही. मला माहीत आहे."

"तुझ्या आईची गाडी आहे."

"म्हणूनच म्हणते," ती म्हणाली.

या भाद्रपदात वर्षश्राद्ध झालं. त्यानंतरच्या रविवारी गाडी चालू झाली तेव्हा मागून गुळण्या केल्यासारखा आवाज आला आणि सायलेन्सरमधून गंजाचं तांबडं पाणी फरशीवर पडलं. एवढ्या वर्षांत जे कान कमावले होते त्यांना तो आवाज आधीच ऐकू यायला हवा होता. मी रशीदभाईंना बोलावलं. आता त्यांचे केस पांढरे झालेत. त्यांनी गाडी ढकलून बघितली, ती हलली नाही. मागची चाकं जागेवर धरली होती.

"कवापासून उभी हाय?"

"तेव्हापासूनच. पण मी दर रविवारी चालू करतो. दहा मिनिटं."

"जाग्यावर?"

"जागेवर."

फरशीवरचं तांबडं पाणी त्यांनी बोटानं बघितलं. मग पायरीवर माझ्या शेजारी बसले.

"इंजिन पुरतं तापाय पाह्यजे, सर. दहा मिन्टांत तापत न्हाई. आतलं पाणी आतच ऱ्हातं, त्यानं पत्रा सडला. बॅटरी भराय बी गाडी पळाय लागती." थोडं थांबून म्हणाले, "तुमी वाईट केलं न्हाई. पर तिला जाग्यावर जागवत ठिवलं. ती झोपली बी न्हाई आन् चालली बी न्हाई."

मी विचारलं, "मी आता शिकलो तर?"

"शिका की. कोण नको म्हणतंय? म्या शिकवतो." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पर खरं बोलू का? गाडीला रोज जायाला ठिकाण लागतं. तुमाला कुटं जायाचंय?"

"केडगावला," माझ्या तोंडून निघून गेलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मीही माझ्या उत्तराकडे बघत राहिलो. केडगावला माझं काहीच काम नव्हतं.

केडगावला वर्षा जाते. शैलाच्या शाळेतली धाकटी शिक्षिका. शिरूरमध्येच राहते, शेवटची सहा वर्षं ती रोज आमच्या गाडीतून शैलाबरोबर जायची. न्हावऱ्याच्या पुढे सरळ रस्ता लागला की शैला तिला चालवायला द्यायची, तिथंच तिला शिकवलं. आता ती दोन जीपा बदलून जाते. मी फोन केला आणि जे सांगायचं ते पाठ करून सांगितलं.

"सर, मी बाईंच्या सीटवर कशी बसू?"

"सीट पुढे घ्यावी लागेल," मी म्हणालो. "तू तिच्यापेक्षा बुटकी आहेस."

ती हसली.

रशीदभाईंनी चार दिवसांत मागचे ब्रेक सोडवले, नवा सायलेन्सर घातला, टाकीतलं शिळं पेट्रोल काढलं. मी रोज तिथं जाऊन बसत होतो. खंडेनवमी आणि दसरा गाडी गॅरेजमध्येच उभी राहिली. दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी वर्षा ती घेऊन आली आणि मला म्हणाली, "पहिल्या दिवशी तुम्ही चला. मला भीती वाटते."

शैलाची रोजची वाट मी तेरा वर्षं संध्याकाळच्या हकिकतींतून ऐकली होती. सोबत फार कमी वेळा गेलो होतो, आणि गेलो तेव्हा पुस्तक वाचत होतो. त्या दिवशी मी रस्ता बघितला. न्हावऱ्याच्या अलीकडचा तो गतिरोधक, ज्याला ती नावं ठेवायची, तो खरोखरच लबाड आहे, बाभळीच्या सावलीत लपलेला. पुढे दोन्ही बाजूंना ऊस, अजून तुरे न आलेला, गच्च, काळसर हिरवा. उसाच्या मधून जाताना गाडीचा आवाज बदलतो, जवळ येतो, कुणीतरी कानाशी बोलल्यासारखा. पारगावच्या पुलावर चाकं सांध्यांवरून जाताना एक ठेका धरतात. खाली भीमा भरलेली होती, मातकट, सावकाश. पूल संपता संपता वर्षानं गिअर बदलला.

"बाई इथं तिसरा टाकायच्या," ती म्हणाली. "समोर चढ दिसत नाही, पण आहे, म्हणायच्या."

मला चढ दिसला नाही. पण इंजिनाच्या आवाजातून तो कळला.

चौफुल्याहून आत वळून आम्ही शाळेच्या आवारात शिरलो. परिपाठाला वेळ होता, पोरं खेळत होती. त्यांनी गाडी ओळखली. तिसरी-चौथीच्या काही मुली ओरडत धावत निघाल्या आणि अर्ध्या वाटेवर थांबल्या. एकीनं दुसरीचा हात धरला. वर्षा दार उघडून उतरली तशा त्या पुन्हा हळूहळू पुढे आल्या. त्यातल्या एकीनं बॉनेटवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"पोळलं," ती म्हणाली.

"लांबून आलीय ना," वर्षा म्हणाली.

मी चौफुल्याला येऊन एसटी धरली. खिडकीशी जागा मिळाली. न्हावऱ्यापर्यंत कधी डोळा लागला ते कळलं नाही. जागा झालो तेव्हा एसटी फाट्यावर उभी होती आणि ड्रायव्हर खाली उतरून चहा पीत होता. इंजिन चालूच होतं. त्याचा एक सिलिंडर नीट पेटत नव्हता, हे मला झोपेतच ऐकू आलं असावं.

त्यानंतर दोन रविवार झाले. गाडीचे कागद वर्षाच्या नावावर करायला दिले आहेत. ती रोज सकाळी केडगावला जाते आणि संध्याकाळी शिरूरला येते. वर्षाचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, तिथला आवाज माझ्यापर्यंत येत नाही. रविवारी दहाच्या सुमाराला ती गाडी इकडे आणते. मी ऑइल बघतो, पाणी बघतो, टायर बघतो, आठवड्यात काय काय वाजलं ते विचारतो. तासाभरानं ती गाडी घेऊन जाते. अंगणात मग गाडीची सावली नसते.